चार्ज म्हणजे काय गं?

(सामुदायिक रेडिओवरील ‘दुपारची बैठक’ या कार्यक्रमात झालेलं भाषण)

दुपारची कामं आवरली असतील तर जरा टेकून बसा. आवरली नसतील तर रेडिओ जवळ घ्या, हात चालू राहू द्या आणि कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. मी गटांचे हिशेब लिहिते, तपासते, हे तुम्हांला माहीत आहेच. बैठक संपली, चहा झाला, आणि एक आजी पासबुक घेऊन माझ्याजवळ आल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “बाई, हे काय लिवलंय?” मी वाचलं, “चार्ज लिहिलंय, आजी.” आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, “चार्ज तर मोबाईलला करत्यात. पैशाला कशाला केला? आणि केला तर पैसं वाढायचं सोडून कमी कसं झालं?”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. पण घरी येताना गाडीवर तोच प्रश्न डोक्यात फिरत होता. आजींचं काही चुकलं नव्हतं. मोबाईल चार्ज केला की भरतो. पासबुकात चार्ज आला की रिकामं होतं. शब्द एकच, आणि काम उलटं.

मग मी मोजायला बसले, की हा एक शब्द आपल्या दारात किती रूपं घेऊन येतो. मोबाईलचा चार्ज. बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा चार्ज. महिन्याचा रिचार्ज. बँकेचा चार्ज. लाईट बिलातला चार्ज. शाळेत नवे गुरुजी येतात ते चार्ज घेतात. पोलीस लाठीचार्ज करतात. कोर्टात चार्जशीट जाते. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो. आणि दवाखान्यातच डिस्चार्जचा आणखी एक अर्थ आहे, त्याच्याकडे मी थोड्या वेळानं येते, कारण तो नीट बोलण्यासारखा आहे.

हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही, आपल्या तोंडी बसलाय. पण शब्द तोंडात बसला म्हणजे अर्थ हातात आला असं होत नाही. आज आपण त्याचा अर्थ हातात घेऊ.

आधी त्याचं मूळ गाव बघू या. फार जुन्या काळी युरोपात लॅटिन भाषा चालायची. तिच्यात ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी, बैलगाडी म्हणा ना. त्या गाडीवर माल लादणं, याला पुढं त्या शब्दावरूनच क्रियापद तयार झालं. ते जुन्या फ्रेंच भाषेत गेलं, आणि तिथून सुमारे आठशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आलं, ‘चार्ज’ होऊन. म्हणजे चार्जचा पहिला अर्थ आहे लादणं. भरणं. ओझं चढवणं. दारातली मोटारकार, सामानाची ‘कॅरी बॅग’, जहाजातला ‘कार्गो’, ही सगळी त्याच घराण्यातली भावंडं.

एकदा का गाडीवरचं ओझं डोळ्यांपुढं आणलं, की सगळे अर्थ सरळ होतात. गाडीत माल भरतात, तशी बंदुकीत दारू भरायची, तोही चार्ज. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणारे लोक काचेच्या बरणीत वीज साठवायला लागले. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं त्यालाही हाच शब्द वापरला, बरणी चार्ज केली. आपला मोबाईल त्याच वाटेनं चार्ज होतो. माणसाच्या खांद्यावर काम ठेवलं, की चार्ज दिला. खात्यावर पैशाचं ओझं टाकलं, की चार्ज लावला. एखाद्याच्या माथी गुन्हा ठेवला, तोही चार्ज. आणि ‘डिस्’ लागलं की ओझं उतरलं, डिस्चार्ज.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही बरं. आपली मराठी तरी काय करते? आपला ‘भार’ बघा. नोकरीत कार्यभार आणि पदभार. विजेचं भारनियमन. कुणी मदत केली की आपण आभार मानतो. आणि आरोप हा शब्द घ्या. वृक्षारोपणात जो ‘आरोप’ आहे तोच हा. मुळात वर ठेवणं, चढवणं, बसवणं. झाड जमिनीत बसवलं तर पुण्य, आळ माणसावर बसवला तर आरोप. म्हणजे इंग्रजांनी जे गाडीवरून शिकलं, तेच आपण डोक्यावरच्या भाऱ्यावरून शिकलो.

म्हणून मी त्या आजींना दुसऱ्या बैठकीत सांगितलं, “आजी, चार्ज म्हणजे ओझं. मोबाईलवर विजेचं ओझं चढवलं, मोबाईल भरला. तुमच्या खात्यावर बँकेनं आपल्या कामाचं ओझं चढवलं, ते तुमच्या पैशातून वळतं झालं.” आजींनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, “मग ते वझं किती, आणि टाकलं कुणी, त्ये इचारू नगं का?”

आजींनी माझं भाषणच लिहून दिलं. आज तेवढंच शिकायचं आहे. चार्ज हा शब्द कानावर पडला, की चार गोष्टी विचारायच्या. कशाचा? किती? कुणी आणि कोणत्या नियमानं लावला? आणि तो उतरवायचा कसा?

आता एकेक दार घेऊ.

पहिलं दार बँकेचं. पासबुकातून पैसे वजा झाले म्हणजे दर वेळी तो चार्ज असतो असं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्यापैकी अनेकींच्या पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कमी झालेले दिसतील, किंवा २० रुपये. पुष्कळ बाया म्हणतात, बँकेनं चार्ज कापला. तो चार्ज नाही. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. २० रुपये हा सुरक्षा विम्याचा, म्हणजे अपघात विम्याचा हप्ता आहे. पहिल्यात माणूस कोणत्याही कारणानं गेला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर २ लाख.

आमच्या शेजारच्या वाडीतली गोष्ट सांगते. एका वहिनींचे मालक अचानक गेले. चाळिशीतला माणूस. दिवसकार्य झालं. गटाच्या सचिव भेटायला गेल्या आणि सहज म्हणून पासबुक बघितलं. तीन वर्षं ओळीनं ४३६, ४३६, ४३६. वहिनी म्हणाल्या, “ते बँकेचं चार्ज हायत, दरसाल कापत्यात. हे लई चिडायचे त्याच्यावर.” सचिव ताईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना बँकेत नेलं. मृत्यूचा दाखला, वारसदाराचे कागद, अर्ज. दोन-तीन हेलपाटे झाले, पण पैसे मिळाले. ज्या ओळीवर तो माणूस तीन वर्षं चिडत होता, तीच ओळ त्यांच्या पोरांच्या शाळेला उपयोगी पडली. आणि सचिव ताईंनी पासबुक उघडलं नसतं तर? म्हणून सांगते, आज रात्री घरातली सगळी पासबुकं काढा. ४३६ आणि २० शोधा. कुणाच्या खात्यातून जातात आणि वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय, ते बघून ठेवा.

आता खरे चार्ज. एसएमएसचा, एटीएम कार्डाचा, खात्यात ठरावीक रक्कम नसल्याचा. यातल्या शेवटच्याबद्दल सांगते. तुमचं खातं जनधनचं किंवा मूलभूत बचत खातं असेल, तर त्यात कमीत कमी रक्कम ठेवायचं बंधन नाही. शिल्लक शून्य झाली तरी त्याबद्दल दंड नाही. महिन्यात निदान चार वेळा पैसे काढणं फुकट आहे. तुमचं खातं साधं बचत खातं असेल तर बँक दंड लावू शकते, पण आधी कळवल्याशिवाय नाही. आणि त्या दंडापायी शिल्लक शून्याच्या खाली नेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. तेव्हा बँकेत पहिलं विचारायचं, “साहेब, माझं खातं कोणत्या प्रकारचं आहे?” साधं असेल आणि परवडत नसेल, तर मूलभूत खात्यात बदलून द्या म्हणून अर्ज द्यायचा.

कर्जाचं बघा. प्रक्रिया शुल्क, विमा, दंड, असं काय काय त्यात असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की नवं वैयक्तिक कर्ज देताना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं एक तथ्यपत्रक द्यायचं. व्याज आणि सगळे चार्ज धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, ते त्यात लिहायचं, आणि तेही कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत. त्या पत्रकात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढं लावता येत नाही. हप्ता चुकला तर दंड लागतो, पण नव्या नियमानुसार दंडावर आणखी व्याज चढवता येत नाही. सही करायच्या आधी तो कागद मागा. “मराठीत द्या,” म्हणा. भीड कसली? ओझं आपल्या डोक्यावर यायचं आहे, तर आधी उचलून बघायला नको का? भाजीची पाटीसुद्धा आपण अंदाज घेतल्याशिवाय डोक्यावर घेत नाही.

तक्रार करायची झाली तर आधी बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला फी लागत नाही. माहितीसाठी नंबर लिहून घ्या, १४४४८.

दुसरं दार लाईट बिलाचं. तिथं इंग्रजी चार्जला मराठीत ‘आकार’ म्हणतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. शेतसाऱ्याची आकारणी म्हणतो ना आपण, त्यातलाच हा आकार. स्थिर आकार म्हणजे मीटर असल्याबद्दलचा. घराला कुलूप लावून ऊसतोडीला गेलात तरी तो येणारच. वीज आकार म्हणजे जेवढी युनिटं जाळली तेवढ्यांचा. आणि वहन आकार म्हणजे तारांवरून वीज वाहून आणल्याचा. गंमत बघा, इंग्रजीत याला ‘व्हीलिंग चार्ज’ म्हणतात. व्हील म्हणजे चाक. फिरून फिरून शब्द आपल्या गाडीच्या चाकापाशीच आला! बिल जास्त आलं तर आधी युनिटं बघा. युनिटं वाढली असतील तर मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहा.

तिसरं दार तलाठी कार्यालयाचं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. जमिनीवर कर्ज काढलं असेल तर तिथं लिहिलेलं असतं, अमुक बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, इतके रुपये. कायद्याच्या इंग्रजीत या बोजाला काय म्हणतात? चार्ज! ज्यानं हे भाषांतर केलं त्यानं शब्दाचं काळीज ओळखलं होतं. बोजा म्हणजे ओझं. जमिनीच्या डोक्यावर ठेवलेलं.

पण या ओझ्याची एक खोड आहे. कर्ज फिटलं तरी ते आपोआप उतरत नाही. बँकेच्या वहीत तुम्ही मोकळ्या होता, सातबाऱ्यावर नाही. मग दहा वर्षांनी वाटणीची वेळ येते, किंवा दुसरं कर्ज लागतं, किंवा घरधनी जातो आणि बाईला वारस लावायचा असतो, तेव्हा कुणीतरी सातबारा वाचून म्हणतं, यावर बोजा आहे. ज्या माणसानं कर्ज फेडलं तो सांगायला राहिलेला नसतो. पावत्या सापडत नाहीत. शाखा बदललेली असते. त्या बाईचे किती चपला झिजतात, ते मी बघितलंय.

म्हणून शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा. तो जोडून तलाठ्याकडं बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा. ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो ऑनलाईनही करता येतो. फेरफार नोंद मंजूर झाली, की नवा सातबारा काढून स्वतः डोळ्यांनी बघायचं, बोजा गेला का? तोवर काम संपलं म्हणायचं नाही. आणि तारण म्हणून मूळ कागदपत्रं बँकेत ठेवली असतील, तर पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत ती परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेनं द्यायची आहे.

जाता जाता गटाचंही ऐका. बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, आणि गटाच्या बचत खात्यातली रक्कम त्यासाठी अडकवून ठेवायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. “बचतीला हात लावू नका, कर्ज फिटेस्तोवर ती आमची,” असं कुणी म्हणालं तर नियम विचारा.

चौथं दार पोलिसांचं. लाठीचार्जमधला चार्ज म्हणजे अंगावर धावून जाणं. तो लांबच राहू दे. पण चार्जशीट कळायला हवी. गावात बातमी येते, “त्याच्यावर चार्जशीट लागली,” आणि लोक म्हणतात, झालं, गुन्हा शाबीत झाला. तसं नसतं. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. पोलिसांनी तपास संपवून कोर्टाला सांगितलं, की आम्हांला असं असं आढळलं. मग कोर्ट ते पाहून दोषारोप निश्चित करतं. मग साक्षीपुरावे. मग निकाल.

हे का सांगते? तर मारहाणीची तक्रार दिलेली एखादी लेक चार्जशीट गेली म्हणून निश्चिंत होते. वाटतं, आता पोलीस बघतील. आणि तारखेला साक्षीला जात नाही. केस तिथंच ढिली पडते. बायांनो, चार्जशीट गेली म्हणजे ओझं कोर्टाच्या दारात उतरलं इतकंच. आत न्यायला तुमची साक्ष लागते. आणि तपास कुठवर आला हे तक्रार देणाऱ्याला ९० दिवसांच्या आत कळवणं, हे १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात पोलिसांचं काम आहे. ते विचारायला लाजायचं नाही.

आता पाचवं दार, दवाखान्याचं. थोड्या वेळानं येते म्हणाले होते, ते हे. जवळ पुरुषमाणसं बसली असतील तर बसू देत, त्यांनीही ऐकावं.

माझी धाकटी आत्या. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कंबर दुखते, ओटीपोटात दुखतं, म्हणून तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं दाखल करून घेतलं. सकाळी एक तरुण डॉक्टरीण बाई आल्या. पोरगी चांगली होती, घाईत होती. तिनं विचारलं, “आजी, डिस्चार्ज होतो का?” आत्या म्हणाली, “न्हाई बाई, अजून न्हाई.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, “डिस्चार्ज नाही ना?” आत्या म्हणाली, “न्हाई.” कागदावर तसं लिहिलं गेलं. कंबरेची औषधं दिली आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आत्याला वाटलं, डॉक्टरीण बाई घरी सोडण्याचं विचारतायत. डॉक्टरीण बाईंना विचारायचं होतं, अंगावरून पांढरं जातं का? आणि आत्याच्या अंगावरून चार महिने जात होतं. घाण वास होता. मध्येच तांबडं दिसायचं. तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. सांगायची ती एकच जागा होती, आणि तिथं शब्द आडवा आला.

पुढं पाच महिन्यांनी, रक्त जास्त जायला लागल्यावर ते बाहेर पडलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता. तोवर वाढलेला. आत्या दीड वर्ष राहिली आमच्यात. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही, आणि त्या डॉक्टर पोरीला मी दोष देत नाही. पण एक दिवस अंगणात बसलो असताना मी आत्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “असं व्हय. मला वाटलं, घरी कधी जातीस म्हणून इचारतीया.” एवढंच म्हणाली. मला अजून ऐकू येतं ते.

तर मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा. दवाखान्यात डिस्चार्जचे दोन अर्थ आहेत. एक, घरी सोडणं. दुसरा, अंगावरून जाणं, किंवा जखमेतून, कानातून पाणी-पू येणं. डॉक्टरांनी विचारलं आणि कळलं नाही, तर उलट विचारा, “डिस्चार्ज म्हणजे कोणता, डॉक्टर?” आणि त्यांनी विचारलं नाही तरी आपण होऊन आपल्या शब्दांत सांगा, “अंगावरून जातं.” त्या शब्दाला लाज नाही. डॉक्टरांना तो कळतो.

थोडं पांढरं, पातळ, वास नसलेलं जाणं हे वयात आलेल्या बाईला असतंच, त्याला घाबरू नका. पण दह्यासारखं घट्ट आणि खाज, पिवळं-हिरवं, घाण वास, ताप, ओटीपोटात दुखणं, यातलं काही असलं तर दाखवायला हवं. आणि पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त आलं, तर एक दिवसही थांबू नका. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असं नाही. पण तपासल्याशिवाय तो नाही असं म्हणता येत नाही. तिशीनंतरच्या बायांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करतात. आशाताईंना विचारा.

दवाखान्यातलं आणखी एक. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड मिळतं, ते जपून ठेवा. पुढचा डॉक्टर तेच वाचतो. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला चार्ज नाही. साधं असो वा सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं मोफत. २०११ पासून हा कार्यक्रम आहे.

आता शेवटचं दार, आपल्याच घराचं. चार्ज घेणं.

गटात अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात. नवीन बाईनं चार्ज घेतला म्हणतो आपण. पण घेतला म्हणजे काय घेतलं? माळ आणि नारळ? चार्ज घेताना कागदावर यादी करायची. इतिवृत्ताची वही, रोकड वही, पासबुक, चेकबुक, शिक्का, कर्जाची कागदपत्रं, हातातली रोख रक्कम, कुणाकडं किती येणं. दोघींच्या सह्या, दोन साक्षीदार. बँकेत सह्यांचा बदल. यादी न करता ओझं घेतलं, तर आधीच्या बाईची चूकही तुमच्या डोक्यावर बसते. आणि आधीची बाई प्रामाणिक असली, तरी तिच्यामागं लोक कुजबुजतात. यादी दोघींनाही वाचवते.

ग्रामपंचायतीत आता निम्म्या जागा बायांना आहेत. सरपंच बाई चार्ज घेते, फोटो निघतो. आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर मालक. सही तिची, शब्द त्यांचा. उद्या चौकशी लागली तर नोटीस कुणाच्या नावानं येते? बाईच्या. म्हणजे चार्जचे दोन अर्थ वाटून घेतले. अधिकार त्यांच्याकडं, ओझं हिच्याकडं. बायांनो, हा शब्द जिथं दिसेल तिथं तपासा, की आपल्या वाट्याला त्याचा कोणता अर्धा आला आहे. घराच्या कारभाराचंही तसंच. “घर तर तीच बघते,” असं कौतुकानं म्हणतात. बघते म्हणजे राबते, की ठरवतेही?

वेळ संपत आली. पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा, पासबुक, लाईट बिल, सातबारा, कर्जाचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड, काहीही. गटात वाचता येणारी पोरगी असेल तिला बसवा. ‘चार्ज’, ‘आकार’, ‘बोजा’, ‘शुल्क’ जिथं दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि आजींचे प्रश्न विचारा. कशाचा? किती? कुणी लावला? उतरवायचा कसा? उत्तर सापडलं नाही तर कागद बाजूला ठेवा, आणि मला कळवा. आपण मिळून शोधू.

आजींच्या पासबुकातला तो चार्ज कशाचा होता, हे सांगायचं राहिलंच. त्यांचं खातं साधं बचत खातं होतं, आणि खात्यात कमी रक्कम राहिली म्हणून दंड होता. आजी स्वतः बँकेत गेल्या, नातीला बरोबर घेऊन, आणि खातं बदलून आल्या. आता भेटल्या की मला विचारतात, “काय गं, चार्ज झालीस का न्हाई?” मी म्हणते, तुम्हांला भेटले की होते.